कागदावरचं 'हो' आणि खिशातलं 'हो'

वाशीच्या सोसायट्यांत सेंद्रिय भाजीसाठी लोक किती जास्त पैसे मोजतील, हे विचारायला तू निघाली आहेस. विषय छान निवडलास. एक गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेव: खिशात हात घालायचा नसला की माणूस मोठ्या मनाने 'हो' म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, दारात आलेल्या मुलीला नाही म्हणवत नाही त्याला.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

१. 'किती द्याल?' असं मोघम विचारू नकोस. नेमका भाव सांग: साधी पालकाची जुडी २० ला, ही ३० ला; घ्याल का? काही घरांत ३०, काहींत ४० असा भाव बदलत जा.

२. प्रश्नाआधी स्पष्ट सांग, की अशा वेळी लोक प्रत्यक्षात देतात त्याहून जास्त आकडा बोलून जातात, म्हणून महिन्याचा भाजीखर्च आठवून उत्तर द्या. कमिंग्ज आणि टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ही पद्धत मांडली. दर वेळी ती सारखीच लागू पडत नाही, तरी वापरच.

३. 'हो' आलं की खात्री १ ते १० मध्ये विचार. डळमळीत 'हो' वेगळे मोज.

नवखे हमखास चुकतात ते 'आवडेल का?' विचारून त्यालाच 'विकत घेतील' समजण्यात. मीही पहिल्या वेळी तेच केलं आणि सगळे फॉर्म वाया गेले.

जमलं तर शेवटच्या वीस घरांत खऱ्या जुड्या विकायला घेऊनच जा, म्हणजे खिशातलं 'हो' कळेल.