अनरियलचे गेम अडखळतात आणि युनिटीचे गेम फालतू असतात, हे कितपत खरं आहे?

तुमचा मित्र म्हणतो की सुरुवातीला अनरियल इंजिन ५ चा लोगो दिसला की गेम घ्यायचाच नाही, तो अडखळणारच. आणि युनिटीचा लोगो दिसला तर गेम फालतू समजायचा. यात तथ्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. अनरियल आणि युनिटी ही गेम इंजिनं, म्हणजे गेम ज्यावर बांधतात ती तयार सॉफ्टवेअर. मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत इतरांचे रखडत चालणारे गेम सुरळीत करून देण्याचं काम करतो, त्यामुळे हा वाद आमच्याकडे जवळजवळ रोज चहासोबत होतो. अनरियलच्या बाबतीत मित्राचं थोडं बरोबर आहे. युनिटीच्या बाबतीत अजिबात नाही.

आधी युनिटी, कारण ते प्रकरण लवकर आटोपतं. युनिटीची फुकटातली आवृत्ती वापरली तर गेमच्या सुरुवातीला त्यांचा लोगो दाखवणं वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. पैसे भरून प्रो घेतलं की तो काढता यायचा. म्हणजे झालं काय, की कुणीतरी आठवडाभरात तयार मॉडेल्स विकत घेऊन जोडलेल्या गेमवर युनिटीचं नाव ठळकपणे झळकायचं, आणि पैसा असलेल्या स्टुडिओच्या चांगल्या गेमवर ते दिसायचंच नाही. २०२४ च्या युनिटी ६ पासून ही सक्ती गेली, पण तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती. ‘हॉलो नाइट’, ‘कपहेड’, ‘गेन्शिन इम्पॅक्ट’, ‘पोकेमॉन गो’ हे सगळे युनिटीवरचे गेम आहेत. तुमच्या मित्राने यातला एखादा नक्की खेळला असेल.

युनिटीचे गेम मोबाइलवर हिसके देतात ही तक्रार मात्र मी स्वतः बघितलेली आहे. आमच्याकडे एक रनर गेम (सतत पळत नाणी गोळा करायची तो प्रकार) आला होता. ४ जीबीच्या अँड्रॉइड फोनवर दर काही सेकंदांनी एक झटका बसायचा. क्लायंटचं ठाम मत होतं की इंजिनच भिकार आहे. प्रोफायलर (गेमचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावून पाहिलं, तर स्कोअरचा मजकूर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, नव्याने तयार होत होता, स्कोअर बदललेला असो वा नसो. शिवाय रस्त्यावरचं प्रत्येक नाणं उचललं की नष्ट आणि पुढे नवं तयार. हा सगळा कचरा मेमरीत साठत जातो, आणि मग सी-शार्पचा (युनिटीत कोड लिहायच्या भाषेचा) गार्बेज कलेक्टर, म्हणजे मेमरीतला सफाई कामगार, काम थांबवून तो गोळा करायला बसतो. झटका बसतो तो तेव्हा. स्कोअर बदलला तरच मजकूर बदलायचा आणि तीच नाणी फिरवून फिरवून वापरायची, एवढ्यावर गेम सुरळीत झाला. इंजिन तेच, फोनही तोच.

मोठ्या गेममध्येही हे घडतं. ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा महागड्या ग्राफिक्स कार्डांनाही घाम फुटला. लोकांनी आत डोकावून पाहिलं तर शहरातल्या माणसांच्या तोंडात एकेक दात वेगळा कोरलेला! कॅमेरा आकाशात असतानाही माणसांच्या मॉडेलची हलकी, कमी तपशिलाची आवृत्ती वापरलीच जात नव्हती, कारण ती तयारच नव्हती. कंपनीनेही ही उणीव मान्य केली. दात हे काही एकमेव कारण नव्हतं, पण कामाचा क्रम कसा चुकला होता ते त्यावरून कळतं. याच मालिकेतला २०१५ चा पहिला भागही युनिटीवरच होता आणि साध्या पीसीवर खेळता यायचा.

(युनिटीचं नाव खरं खराब झालं ते सप्टेंबर २०२३ मध्ये, गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे आकारायची घोषणा केली तेव्हा. महिनाभरात त्यांचे सीईओ पद सोडून गेले आणि वर्षभराने ती फीसुद्धा रद्द झाली. दरम्यान गेम बनवणारे बरेच लोक गोडो या मोफत इंजिनकडे वळले. पण तो राग पैशाचा होता, वेगाचा नव्हे.)

आता अनरियल. इथे जरा थांबायला हवं.

समजा गेम ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने चाललाय. म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. मध्येच एका फ्रेमला २०० मिलिसेकंद लागले, तर डोळ्याला तो अडखळा लगेच जाणवतो. पण त्या मिनिटाची सरासरी काढली तर ती येते ५९.८! म्हणून एकजण म्हणतो ‘माझ्याकडे साठ मिळतात, मस्त चाललाय’ आणि दुसरा म्हणतो ‘खेळवत नाही’, आणि दोघंही खरं बोलत असतात. वाद घालायचाच असेल तर सरासरीवर घालू नका, फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला याचा, आलेख बघा.

हे २०० मिलिसेकंद जातात कुठे? आग, पाणी, धातू, कातडी, पडद्यावरचं जे काही दिसतं त्यामागे शेडर नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो तुमच्या ग्राफिक्स कार्डाला आणि ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) समजेल अशा भाषेत कंपाइल करावा लागतो. प्लेस्टेशनमध्ये हार्डवेअर ठरलेलं, त्यामुळे ते काम स्टुडिओतच उरकून पाठवता येतं. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं. गेम विंडोजवर ग्राफिक्स कार्डाशी बोलतात ते डायरेक्टएक्समार्फत. डायरेक्टएक्स ११ च्या काळात यातली बरीच उस्तवार ड्रायव्हर करायचा. डायरेक्टएक्स १२ ने ती गेमच्या गळ्यात घातली. आणि अनरियलमध्ये कलाकार स्वतः ठोकळे जोडून मटेरियल बनवतात, त्यातून शेडरचे हजारो प्रकार तयार होतात. आधीच कंपाइल करून ठेवले नसतील, तर पहिला स्फोट झाला की कंपाइल, पहिला पाऊस आला की कंपाइल. प्रत्येक वेळी अडखळा.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून इंजिनवाले हात झटकतात, पण इथे अंगणही थोडं वाकडं होतं. कोणते शेडर लागतील याची यादी अनरियल ४ मध्ये स्टुडिओने स्वतः गेम खेळून खेळून जमवायची होती, आणि डेडलाइनच्या धबडग्यात ती अर्धवट राहणार हे सांगायला ज्योतिषी नको. इंजिनच ते आपोआप आधी तयार करेल अशी सोय ५.१ मध्ये आली आणि नंतर सुधारत गेली. पण चार-पाच वर्षं चाललेला प्रोजेक्ट अर्ध्या वाटेत इंजिनची नवी आवृत्ती घेत नाही, मोडतोड फार होते. म्हणून दुरुस्ती झाली तरी ती दुकानात पोहोचायला वर्षं लागतात.

तरीही सगळं खापर इंजिनवर फोडता येत नाही. ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ (डिसेंबर २०२२) पीसीवर इतका अडखळला की त्यावर विनोद झाले. दोनच महिन्यांत ‘हाय-फाय रश’ आला आणि लोण्यासारखा चालला. दोन्ही अनरियल ४ वरचेच. अनरियल ५ मध्ये नॅनाइट (अतिबारीक तपशिलाची मॉडेल्स दाखवणारं) आणि लुमेन (प्रकाशाचा हिशेब करणारं) ही दोन भारी वैशिष्ट्यं आहेत, पण ती वापरलीच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. ‘द फायनल्स’च्या टीमने लुमेन न घेता प्रकाशासाठी ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं तंत्र घेतलं, आणि अख्ख्या इमारती कोसळत असतानाही तो गेम मध्यम पीसीवर पळतो.

अनरियल बनवणाऱ्या एपिक कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी २०२५ मध्ये म्हणाले की मुख्य दोष कामाच्या क्रमाचा आहे: स्टुडिओ आधी सगळ्यात ताकदीच्या मशीनवर गेम बनवतात आणि ऑप्टिमायझेशन शेवटावर ढकलतात. माझा अनुभवही तोच, कारण आम्हाला बोलावणं येतं तेच शेवटी. पण हे स्वीनींच्या तोंडून ऐकताना हसू येतं. मे २०२० चा अनरियल ५ चा पहिला डेमो आठवा: गुहा, पुतळे, कोट्यवधी त्रिकोण. तो प्लेस्टेशन ५ वर ३० एफपीएसवर चालत होता. असं चित्र दाखवून इंजिन विकायचं, आणि मग लोकांनी तसंच चित्र काढायला घेतलं की क्रम चुकला म्हणायचं!

स्टुडिओचं स्वतःचं, घरचं इंजिन असलं म्हणजे सुटका, असंही नाही. कॅपकॉमच्या आरई इंजिनवर ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या चिंचोळ्या वाटा सुरेख चालायच्या, म्हणून लोक त्याला आदर्श मानायचे. तेच इंजिन २०२४ मध्ये ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’च्या खुल्या जगात गेलं आणि गजबजलेल्या शहरात पात्रांच्या गर्दीने सीपीयू (मुख्य प्रोसेसर) गुडघ्यावर आला. ‘सायबरपंक २०७७’ तर सीडी प्रोजेक्टच्या स्वतःच्या रेडइंजिनवर होता, आणि डिसेंबर २०२० मध्ये सोनीने तो स्टोअरवरून काढला होता. पुढे तो सुधारला, पण कंपनी नव्या ‘विचर’साठी अनरियल ५ कडेच गेली. उलट आमच्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ अनरियल ४ वर बनला आणि २०२० मध्ये सर्वात आधी आला तो निन्टेंडो स्विचवर, म्हणजे मोबाइलच्या ताकदीच्या यंत्रावर.

गेम घ्यायचा की नाही हे ठरवायला मी काय करतो ते सांगतो. लोगो बघत नाही. तुमच्यासारखंच कार्ड असलेल्या कुणाचा, कोपऱ्यात फ्रेमटाइमचा आलेख चालू ठेवलेला व्हिडिओ शोधा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, तर ते दोन तास कॅरेक्टरचे केस निवडण्यात घालवू नका. गेम सुरू होताना शेडर कंपाइल करतो का ते बघा, आणि करत असेल तर ते पूर्ण होऊ द्या. मग थेट मारामारीत घुसा आणि मोकळ्या भागात जमेल तितक्या वेगाने पळा. पहिल्यांदाच अडखळून त्याच जागी दुसऱ्यांदा सुरळीत चालला तर ते शेडरचं काम, पुढच्या पॅचमध्ये कदाचित सुटेल. त्याच वळणावर दर वेळी अडखळत असेल तर गेम पुढचा भाग लोड करताना धापा टाकतोय, आणि ते दुखणं सहसा लवकर बरं होत नाही. रिफंड घ्या.