व्हिसा नाकारला आणि कन्सल्टन्सी म्हणते, फी परत मिळणार नाही

प्रश्न : मुलगी यंदा बारावी झाली. इंग्लंडमधल्या एका कॉलेजच्या फाउंडेशन कोर्ससाठी (पदवीआधीचा तयारीचा अभ्यासक्रम) कन्सल्टन्सीला १,८०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे २,१२,४०० रुपये दिले. कॉलेजला ५,००० पौंड डिपॉझिट आमच्या बँकेतून थेट पाठवलं. भावाकडून घेतलेली रक्कम अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात आली. ‘एवढं चालतं’ असं कन्सल्टन्सीने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं. नेमक्या त्याच कारणावरून व्हिसा नाकारला गेला. करारात ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत नाही’ असं कलम आहे, वाद कोर्टाऐवजी लवादाकडे नेण्याचंही आहे. मुलीने सही केली तेव्हा ती १७ वर्षांची होती. काय करावं?

उत्तर : तुमचे पैसे दोन ठिकाणी गेले आहेत आणि दोन्हींसाठी मार्ग वेगळे आहेत. डिपॉझिटचा करार कॉलेजशी आहे, त्यात कन्सल्टन्सीला बोलण्याचा अधिकार नाही. ऑफर लेटरसोबत आलेलं परताव्याचं धोरण आजच वाचा. व्हिसा नाकारल्यास थोडी रक्कम कापून डिपॉझिट परत देण्याची तरतूद बहुतेक ठिकाणी असते, पण नकारपत्र ठरावीक मुदतीत पाठवावं लागतं. ते मुलीच्या ईमेलवरून थेट कॉलेजला पाठवा आणि ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात परतावा मागा. ‘आमच्यामार्फत येईल’ हे मान्य करू नका. व्हिसाच्या अर्जासोबत भरलेला आरोग्य अधिभार आपोआप परत येतो, व्हिसाची फी येत नाही.

आता कन्सल्टन्सी. ‘व्हिसा मिळाला नाही म्हणून पैसे द्या’ अशी तक्रार केलीत तर हराल. व्हिसा देणं सरकारच्या हातात आहे, असं ते म्हणतील आणि ते खरंच आहे. तुमची बाजू सल्ल्याच्या चुकीवर उभी करा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. हा या धंद्यातला अगदी प्राथमिक नियम आहे. फी घेऊन तोच चुकीचा सांगणं म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) खालची सेवेतली त्रुटी.

करार अन्यायकारक असल्याची स्वतंत्र मागणी मात्र जिल्हा ग्राहक आयोगात करू नका. ‘अनफेअर कॉन्ट्रॅक्ट’च्या तक्रारी फक्त राज्य आणि राष्ट्रीय आयोग ऐकतात. वकीलसुद्धा इथे चुकतात आणि मग तक्रार टिकणार का, यावरच पहिल्या तारखा जातात. जिल्हा आयोगात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच मांडा.

समोरून तीन आक्षेप हमखास येतील. ‘शिक्षण ही सेवा नाही’ हा पहिला. शिक्षणसंस्थांच्या बाबतीत राष्ट्रीय आयोगाने २०२० च्या मनु सोळंकी निकालात तसं म्हटलं आहे, पण त्याच निकालात कोचिंग क्लासेस ग्राहक कायद्याच्या कक्षेतच ठेवले. कन्सल्टन्सी तर शिकवतही नाही, कागदपत्रं तयार करून देण्याचे पैसे घेते. दुसरा आक्षेप लवादाचा. त्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिसरा, ‘फक्त आमच्या शहरातल्या कोर्टात या’. कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

मुलगी अल्पवयीन होती म्हणून करार रद्दबातल, हा मुद्दा आकर्षक वाटतो. त्यावर भर देऊ नका, कारण करारच नाही म्हटलं तर त्यातल्या सेवेवर बोट ठेवणं अवघड होतं. पैसे देणारे म्हणून तुम्ही आणि लाभार्थी म्हणून मुलगी, दोघांनी मिळून तक्रार करा.

आधी १५ दिवसांची नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार. कोणत्या आयोगात जायचं हे दिलेल्या मोबदल्यावरून (इथे कन्सल्टन्सीची फी) ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क शून्य. कॉलेजने डिपॉझिटमधून कापलेली रक्कम आणि व्हिसाची फी नुकसान म्हणून मागा. मुदत २ वर्षांची आहे. पावत्या, करार, नकारपत्र आणि खात्याचा उतारा जोडा. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवर थांबू नका, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा, मूळ फोन जपा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्या.

नकाराविरुद्धच्या प्रशासकीय फेरतपासणीला २८ दिवसांची मुदत आणि ८० पौंड शुल्क आहे. तिथे अधिकाऱ्याची चूक दाखवावी लागते. इथे त्याची चूक नाही, तेव्हा ते पैसे वाचवा. पुढच्या प्रवेशासाठी नवा अर्ज करा. त्याला कॉलेजकडून नवा सीएएस (प्रवेश पक्का असल्याचा व्हिसासाठीचा दाखला) लागेल, एकदा वापरलेला चालत नाही. अर्जात हा नकार नमूद करा, लपवलात तर फसवणूक धरून १० वर्षांची बंदी येऊ शकते.

कन्सल्टन्सी ‘पुढचा अर्ज फुकट भरून देतो’ म्हणून एखाद्या कागदावर सही मागेल. त्यात ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द असतील तर सही करू नका. मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे असतील तर नोटीस पाठवण्याआधीच पोच देऊन परत घ्या.