‘लंबनकोन दुरुस्ती’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: रेडिओ दुर्बिणीच्या रिसीव्हरच्या कॅलिब्रेशनवर मराठीत लिहायचे आहे; तिथे ‘पॅरालॅक्टिक अँगल करेक्शन’ला ‘लंबनकोन दुरुस्ती’ म्हटले तर चालेल का?

मला विचाराल तर नको. लंबन म्हणजे पॅरालॅक्स: पाहणाऱ्याची जागा बदलली की ज्योतीची, म्हणजे आकाशातल्या बिंबाची, जागा सरकलेली दिसणे. आपल्याकडे सूर्यग्रहणाच्या गणितात लंबन आणि नती येतात त्या याच अर्थाने. लंबनामुळे चंद्र क्षितिजाकडे किंचित उतरलेला दिसतो. हे उतरणे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अंतर) यांत वाटून घ्यायला पॅरालॅक्टिक अँगल हा कोन लागायचा, म्हणून त्याला ते नाव चिकटले. रेडिओ दुर्बिणीच्या या कॅलिब्रेशनमध्ये लंबन कुठेच नसते. ज्योतीपासून एक रेघ खमध्याकडे, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूकडे काढा, दुसरी ध्रुवाकडे. या दोहोंतला कोन तो हा.

तो डोळ्यांनीही दिसतो. मृगाच्या पोटातला बाण पूर्वेला उगवतो तेव्हा त्याचे तीन तारे जवळजवळ उभ्या रेषेत असतात. मध्यावर येईतो बाण तिरका होतो, मावळताना पश्चिमेचे टोक खाली झुकते. पुण्याच्या आसपास हे उगवती ते मावळती वळण सुमारे १४२ अंशांचे होते. तारे एकमेकांपासून हललेले नसतात, त्यांचा आपल्या क्षितिजाशी असलेला कल बदललेला असतो.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आडव्या फिरतात आणि वर-खाली होतात, एवढेच. त्यामुळे आकाश त्यांच्या फीडसमोर, म्हणजे लहरी टिपणाऱ्या भागासमोर, या बाणासारखेच वळत राहते. स्रोताचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, फीडच्या चौकटीत फिरते. फीडमधली गळती, म्हणजे एका ध्रुवणाचा संकेत दुसऱ्यात झिरपणे, ती मात्र जागची हलत नाही. म्हणून एकच कॅलिब्रेटर, म्हणजे मोजमाप जुळवायला निवडलेला स्रोत, तासन्‌तास पाहतात: जे फिरले ते आकाशाचे, जे फिरले नाही ते यंत्राचे. उटीच्या दुर्बिणीला हा प्रश्नच पडत नाही. ती डोंगराच्या उताराचा फायदा घेऊन पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवली आहे, त्यामुळे तिच्यासमोर आकाश असे वळत नाही.

‘ध्रुवकोन’ हा शब्द मोहात पाडतो, पण तोही टाळा. थ्री-सी-२८६ या कॅलिब्रेटरचा ‘ध्रुवणकोन’ ३३ अंश, हे त्याच परिच्छेदात लिहावे लागते. एका ‘ण’वर सगळी मदार राहील. ‘भिंतीला कल आलाय’ हे आपण रोज बोलतो. तोच शब्द घेऊन मी ‘आकाशकल’ लिहीन. नुसता ‘कल’ कक्षेच्या संदर्भात रुळलेला आहे, म्हणून जोडशब्द.

राहिली ‘दुरुस्ती’. दुरुस्ती मोडक्या वस्तूची करतात, इथे काही मोडलेले नाही. आपल्या गणिती परंपरेत अशा बेरीज-वजाबाकीला ‘संस्कार’ म्हणतात, पंचांगकर्त्यांच्या तोंडी तो आजही आहे. तुमचे वाक्य असे होईल: ‘आधी फीडची गळती काढावी, मग आकाशकलाचा संस्कार करावा.’