नवी सनद हातात आली, आता पैशाची वही ठेव

वकिलीची सनद मिळाली, अभिनंदन! पहिलं काम सांगतो: पक्षकाराच्या पैशाची वेगळी वही ठेव. कोर्ट फी, नकला, टायपिंग यासाठी घेतलेला पैसा तुझा नाही. फी कुठली नि खर्च कुठला, हे तारखेसकट लिही आणि पावती दे, शंभर रुपये असले तरी.

फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवू नकोस. आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, थकलेल्या फीपोटी कागद अडवण्याचा हक्क वकिलाला नाही. माझ्याकडे एक म्हातारी आली होती, सातबारा पदराच्या गाठीत बांधून. बाकीचे कागद आधीच्या वकिलाने दिलेच नव्हते. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

निकालातल्या रकमेचा टक्का फी म्हणून ठरवणंही नियमात बसत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

तक्रार झालीच तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961, म्हणजे वकिलांचा कायदा, याचं कलम 35 लागतं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते, वकिलांच्या यादीतून नाव कमी करू शकते. नोटीस आली तर गप्प बसू नकोस, वही घेऊन हजर राहा.