ॲम्फिथिएटर, 'खुला रंगमंच' आणि खासबाग

प्रश्न असा आहे: 'ॲम्फिथिएटर'ला मराठीत 'खुला रंगमंच' म्हणावे का, आणि कोल्हापूरच्या खासबाग या कुस्तीच्या मैदानाला तो शब्द चालेल का?

नाही चालणार. हल्ली कॉलेजच्या आवारात पाच-सहा अर्धगोल पायऱ्या बांधल्या की लगेच 'ॲम्फिथिएटर'ची पाटी लागते. ग्रीक 'ॲम्फी' म्हणजे दोन्हीकडून, सभोवार. अर्धगोल असते ते नुसते थिएटर. रोमच्या कलोसियममध्ये लोक चहूबाजूंनी बसत आणि मध्ये वाळूचे रिंगण असे; ॲम्फिथिएटर म्हणायचे ते त्याला. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, तिथे कलोसियम पाहून आले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेल्या बैठका आणि नजरेच्या आड येणारा एकही खांब नाही. अगदी वरच्या रांगेतल्या माणसालाही डाव कोणता लागला, ढाक की कलाजंग, ते स्वच्छ दिसते.

पण खरी गंमत 'रंगमंच' या शब्दात आहे. भागवताच्या दशम स्कंधात कंस हुकूम सोडतो की मल्लरंगाभोवती, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याभोवती, नाना तऱ्हेचे मंच उभारा, नगरातल्या आणि गावोगावच्या लोकांना कुस्ती पाहू द्या. म्हणजे रंग हा पैलवानांचा आणि मंच प्रेक्षकांचा! कृष्ण-बलराम चाणूर-मुष्टिकाशी लढायला उतरले ते रंगात. मंचावर बसून बघत होते ते कंस आणि मथुरेचे लोक. मंच म्हणजे उंच बैठक. आपला माचा त्यातूनच आला आणि मचाणही. मचाणावर चढतो तो बघायला, स्वतःला दाखवायला नव्हे. पुढे नटमंडळींनी प्रेक्षकांची ही बैठक बळकावली आणि आज आपण मंचाकडे तोंड करून खाली बसतो. ग्रीकांच्या 'थिएटर'चेही तेच झाले. मूळ अर्थ बघण्याची जागा, आणि आता माणूस 'थिएटर करतो'.

रंगभूमीतला 'रंग' नटांच्या रंगरंगोटीवरून आला, असे ठासून सांगणाऱ्या जाणकारांनी एवढे सांगावे, की चाणूराने तोंडाला कोणता रंग फासला होता? 'रंग' या शब्दात कुस्ती आणि नाटक पहिल्यापासून एकत्र नांदत आले आहेत. खासबागेला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले, १९१५ साली ते सुरू झाले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. २०२४च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळाले तेव्हा अनेकांना ती केवळ नाटकवाल्यांची हानी वाटली, याचे मला फार वाईट वाटले. एका आवारात दोन रंग शेजारी नांदतात, अशी जागा दुसरी दाखवा.

तेव्हा 'खुला रंगमंच' उघड्यावरच्या स्टेजपुरता ठेवा. खासबागेला मैदानच म्हणा. कोल्हापुरात मैदान म्हणजे जागाही आणि तिथे भरणाऱ्या कुस्त्याही; 'मैदान कधी आहे?' असेच विचारतात. संस्कृत शब्दच हवा असेल तर 'मल्लरंग' तयार आहे.