ग्लेन वेव्हर्ली की टारनीट, आणि सातवीतली लेक

कोथरूडहून एका आईचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते:

"मावशी, आम्हाला व्हिक्टोरियाचा १९० व्हिसा मिळाला, जानेवारीत मेलबर्नला निघतोय. नवऱ्याच्या कंपनीचंच तिथे ऑफिस आहे, डॉकलंड्सला. मुलगी सातवीत, सेमी-इंग्लिशला. मुलगा मार्चमध्ये पाच पूर्ण करेल. नवरा रोज रात्री शाळांचं रँकिंग उघडून बसतो आणि म्हणतो ग्लेन वेव्हर्लीच, भाडं कितीही पडो. दीर-जाऊ टारनीटला आहेत, ते म्हणतात आमच्याजवळ या, तेवढ्याच पैशात चार बेडरूमचं घर मिळेल. मुलगी पंधरा दिवस झाले कुणाशी धड बोलत नाही. निर्णय चुकला तर मुलांचं वाटोळं होईल या भीतीने मला झोप लागत नाही. मी इथे बँकेत नोकरी करते, राजीनामा द्यायचाय."

अगं बाई, आधी एक सांगते, वाटोळं वगैरे काही होत नाही. मी २००८ पासून इथे आहे, अशी कितीतरी मुलं डोळ्यांसमोर मोठी झाली, मेलबर्नच्या पूर्वेची (ग्लेन वेव्हर्लीकडची) पण आणि पश्चिमेची (टारनीटकडची) पण, आणि जी चांगली निघाली ती कुठल्या सबर्बची होती हे आज मला आठवून सांगावं लागेल. पण तुझी भीती खोटी आहे असंही म्हणत नाही, पहिलं घर चुकलं की त्याचा त्रास खरंच होतो आणि तो आईबापापेक्षा मुलांना जास्त होतो. आमचं चुकलं होतं म्हणून सांगते.

आम्ही नकाशा बघून घर घेतलं. किचनच्या खिडकीतून शाळेचं कंपाउंड दिसायचं, म्हटलं वा, याहून जवळ काय असणार. लीजवर सही केली, बॉण्ड म्हणजे डिपॉझिट भरलं, मग शाळेत गेलो तर कळलं की शाळेच्या झोनची, म्हणजे कुठल्या घरांतली मुलं घ्यायची त्या हद्दीची, रेघ आमच्याच रस्त्यावरून जाते, समोरची घरं झोनमध्ये आणि आमची बाजू बाहेर. झोनबाहेरच्यांना जागा उरली तरच घेतात आणि तेव्हा जागा नव्हती. मुलगा पाचवीत होता, दोन बस बदलून दुसऱ्या शाळेत जायचा. आठ महिन्यांनी आम्ही घर बदललं, म्हणजे परत शाळा बदलली. त्या आठ महिन्यांत त्याचा डबा रोज तसाच परत यायचा, भाजीपोळीचा रोल, फॉइलसुद्धा उघडलेला नसायचा, आणि मी त्याला वाया घालवतो म्हणून ओरडायचे. खूप उशिरा त्याने सांगितलं की लंचटाइमला तो लायब्ररीत बसायचा, तिथे खायला परवानगी नाही म्हणून. बाहेर कुणाशेजारी बसायचं हेच त्याला कळत नव्हतं. शाळेचा यात काही दोष नव्हता, आम्ही पत्ता टाकून बघायचे कष्ट घेतले नव्हते एवढंच.

म्हणून पहिलं काम, फाइंड माय स्कूल म्हणून व्हिक्टोरिया सरकारची वेबसाइट आहे, त्यात घराचा नेमका पत्ता टाकायचा, नुसतं सबर्बचं नाव नाही, आणि वर्ष बरोबर निवडायचं कारण झोन बदलू शकतात. नुसतं 'ग्लेन वेव्हर्लीत घर' घेतलं म्हणजे ग्लेन वेव्हर्ली सेकंडरी कॉलेज या सरकारी शाळेचा झोन मिळाला असं नसतं. एजंट जाहिरातीत शाळेचं नाव ठळक टाकतात, त्यावर जाऊ नकोस. झोनमध्ये राहत असाल तर सरकारी शाळेला तुमचं मूल घ्यावंच लागतं, पीआरवाल्यांना (म्हणजे कायमच्या रहिवाशांना, तुमचा १९० व्हिसा त्यातच येतो) ट्यूशन फी नाही, फक्त शाळा लीज, बिलं वगैरे पुरावे मागते आणि तुम्ही तिथे खरंच राहत असायला लागता.

आता तुझ्या नवऱ्याचं रँकिंग. त्यांची काळजी मला समजते, आपण सगळे दहावी-बारावीच्या टक्क्यांतून वर आलोय, आपल्याला शाळा म्हटलं की निकाल दिसतो. पण ते जे बघतायत ते बहुतेक व्हीसीईच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षेच्या, मीडियन स्टडी स्कोअरवरून (मधल्या गुणांवरून) केलेलं आहे, म्हणजे बारावीच्या मुलांनी काय केलं ते. त्या यादीत वरती मेलबर्न हाय, मॅक रॉबर्टसन गर्ल्स, नॉसल, सुझॅन कोरी अशा सिलेक्ट-एंट्री शाळा असतात, म्हणजे परीक्षा घेऊन निवडूनच मुलं घेतलेली, त्या वर नाही तर कुठे असणार, आणि मग महागड्या प्रायव्हेट. या चार शाळांना सबर्बचा झोनच नाही, आठवीत असताना परीक्षा देऊन नववीत जाता येतं, आणि टारनीटला राहिलात तर सुझॅन कोरी तिथून जवळच वेरिबीला आहे, हे त्यांना सांग. पण परीक्षा आठवीच्या मध्यावर असते, म्हणजे तुझी लेक जानेवारीत उतरून पाचेक महिन्यांत तिला बसवायचं, आणि फॉर्म तर त्याआधीच भरायचा. मी तरी हे पहिल्याच वर्षी तिच्या डोक्यावर ठेवणार नाही. तिने स्वतःहून मागितलं तर गोष्ट वेगळी.

माय स्कूल वेबसाइटवरचा आयसीएसईए आकडाही लोक मार्कांसारखा वाचतात. एक हजार सरासरी, मग एवढ्याची शाळा चांगली आणि तेवढ्याची वाईट असं चहा पिता पिता बोलतात. तो आकडा शाळेचा नाहीये, मुलांच्या घरचा आहे, आईबाप किती शिकलेले, काय काम करतात, शाळा किती आडबाजूला आहे, यावरून काढतात. त्याच साइटवर नॅपलानमध्ये (ठराविक इयत्तांची देशभरातली चाचणी) त्याच पार्श्वभूमीच्या इतर मुलांच्या तुलनेत ही मुलं कशी आहेत ते दिसतं, ते बघ. हजेरी बघ. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारी मुलं किती टक्के ते बघ, सेमी-इंग्लिशमधून येणाऱ्या मुलीला ते कामाचं आहे, कारण अशा शाळेत नवीन मुलगी शब्द शोधत अडखळली की कुणी वळून बघत नाही. आणि फोन करून विचार की तुमच्याकडे ईएएलची (घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवणारी) वेगळी टीचर आहे का आणि आठवड्याला किती तास. उत्तर देणारा माणूस गोलमोल बोलतो का नीट सांगतो यावरूनच खूप कळतं.

पण खरं सांगू, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात नवऱ्याचं ऑफिस कुठे ते आहे, दिरांचं घर किती मोठं ते आहे, मुलांचं वय आहे, आणि तू दिवसभर कुठे असणार हे कुठेच नाही. राजीनामा द्यायचाय, बास. तर आता एक कागद घे आणि पहिल्या फेब्रुवारीतला एक सोमवार लिही, दोन्ही ठिकाणचा. टारनीट लिही: गाडी एकच घेणार असाल तर ती सकाळी कोण नेणार? टारनीट स्टेशनवरून व्ही-लाइनची ट्रेन शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला अर्ध्या तासाच्या आसपास पोचवते, डॉकलंड्स तिथून चालत, हे चांगलंच आहे, पण नवीन इस्टेटी स्टेशनपासून लांब लांब पसरल्यात, पार्किंग सकाळी लवकर भरतं, आणि गाडीने जायचं तर वेस्ट गेट ब्रिजचं ट्रॅफिक. मग साडेतीनला शाळा सुटली, चाळीस डिग्री ऊन आहे, तुझ्याकडे गाडी नाही, व्हिक्टोरियाचं लायसन्स नाही, धाकट्याला कुठून आणायचं, लेक बसने येणार का आणि ती बस चुकली तर पुढची किती वेळाने? आता ग्लेन वेव्हर्ली लिही: ट्रेनचं शेवटचं स्टेशन, बसायला जागा मिळते, लायब्ररी, दुकानं, बस सगळं पायाखाली, पण भाडं इतकं की त्यात दोन बेडरूमचं जुनं युनिट येईल आणि तुला पहिल्या महिन्यापासून मिळेल ती नोकरी धरायला लागेल. हा कागद दोघांनी मिळून लिहा, वाद अर्धा तिथेच संपेल बघ.

मला विचारशील तर पहिल्या वर्षासाठी मी घर छोटं घेईन, स्टेशनपासून चालत, आणि लेकीला शाळेत एकटीला जाता-येता येईल असं. ते ग्लेन वेव्हर्लीच असायला हवं असं अजिबात नाही. क्लेटन, ओकली, मिचम, रिंगवुडकडे शोध, पश्चिमेलाच राहायचं तर विल्यम्स लँडिंग स्टेशनच्या आसपास बघ म्हणजे जाऊबाई पण फार लांब नाहीत. लोक सांगतात की पहिलं वर्ष कुठेही भाड्याने राहा आणि मग ठरवा, धाकट्यासाठी ते बरोबर आहे, सहा वर्षांचं पोर दोन आठवड्यांत नवीन मित्र करतं. पण तेरा वर्षांच्या मुलीची शाळा लागोपाठ दोनदा बदलू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. म्हणजे घर बदललं तरी चालेल पण त्याच शाळेला जाता येईल असंच. म्हणून आधी लेकीची सेकंडरी शाळा, तिच्या झोनमधलं घर, आणि प्रायमरी जी येईल ती. ती इथे वयाप्रमाणे आठवीत बसेल, सातवी अर्धी राहिली म्हणून कुणी मागे ठेवत नाही, तेही तिला सांगून टाक, मुलांना मनात असलं काहीतरी खात असतं.

धाकट्याचं सोपं आहे. ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण होत असतील तर त्याच वर्षी जानेवारीअखेर प्रेपला (पहिलीच्या आधीचं शाळेचं वर्ष) जाता येतं, म्हणजे तुमचा मुलगा बसतो नियमात, पण जायलाच हवं असं नाही, सक्ती सहा पूर्ण झाल्यावर आहे. आपल्याकडे एक वर्ष वाया गेलं म्हणतात, इथे मार्च-एप्रिलची बरीच मुलं आईबाप मुद्दाम थांबवतात. माझं मत थांबवा. एक वर्ष किंडर (म्हणजे प्रेपच्या आधीची बालवाडी) करू दे, 'चार वर्षांच्या मुलांचं' म्हणतात ते किंडर फ्री आहे, आठवड्याचे पंधरा तास. तू नोकरीला लागलीस तर किंडर प्रोग्रॅम असलेलं चाइल्डकेअर बघ, पीआर असल्याने सबसिडी मिळते, तरी पैसे पडतात, ते हिशोबात धरा. दोघांची लसीकरणाची कार्डं बॅगेत नको, हातात ठेव, इथल्या रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय किंडरवाले घेत नाहीत आणि एखाददुसरी लस इथे परत द्यायला लागू शकते.

भाड्याचं थोडक्यात: घर न बघता भारतातून कुणालाही पैसे पाठवू नका, कितीही गोड बोलला तरी. भाडं आठवड्यावर सांगतात, बॉण्ड साधारण महिन्याच्या भाड्याइतका आणि तो सरकारी ऑथॉरिटीकडे जमा होतो, मालकाच्या खिशात नाही. इथली रेंटल हिस्टरी तुमच्याकडे नसणार, म्हणून नोकरीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि पुण्यात भाड्याने राहिला असाल तर त्या मालकाचं इंग्रजीत पत्र तयार ठेवा. पहिले तीन-चार आठवडे दिरांकडे राहा, त्यांना बरं वाटेल आणि तुम्हाला इन्स्पेक्शनं करता, म्हणजे घरं प्रत्यक्ष बघता येतील. शाळांना ईमेल मात्र नोव्हेंबरातच कर, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा बंद होतात आणि जानेवारी संपत आला की ऑफिस उघडतं, मधे फोन उचलायला कुणी नसतं.

आता लेक. ती बोलत नाही कारण घरात सगळं ठरतंय आणि तिला फक्त कळवलं जातंय, असं मला वाटतं. तिला समजावू नकोस, तिथे किती छान आहे वगैरे तर बिलकुल नको. तीन शाळा तुम्ही निवडा आणि त्या तिघींतून तिला निवडू दे, खरंच निवडू दे, तिने तुमची तिसरी निवडली तरी ती घ्या. लॅपटॉप तिच्या हातात दे. ती गुण बघणार नाही, ती बघेल डान्स आहे का, युनिफॉर्म कसा आहे, दुसरी भाषा जपानी आहे का इटालियन, कँटीन कसं आहे. तिचं बघणं आपल्या बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे, दिवसाचे साडेसहा तास ती तिथे असणार आहे. आणि निघायच्या आधी दोन दिवस तिला मैत्रिणीकडे राहायला पाठव, पॅकिंगची कितीही घाई असली तरी.

जाऊबाईंना फोन तूच कर, नवऱ्यावर टाकू नकोस. सांग की लेकीच्या शाळेमुळे आम्ही थोडं लांब राहतोय, पण पहिला महिना तुमच्याकडे आणि गणपतीला दीड दिवस आम्ही तुमच्याच घरी. त्या एकट्याने इतकी वर्षं तिथे काढतायत गं, जवळ या म्हणतात ते घर मोठं आहे म्हणून नाही.

काय ठरलं ते कळव. लेकीने कुठली शाळा निवडली ते नक्की.

तुझी,
मावशी