राज्याचा ऊर्जा-सुरक्षा आराखडा करताना सर्वांत आधी काय तपासावं?

गॅस आणि वीज एकमेकांवर किती अवलंबून आहेत ते. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत अमेरिकेतल्या टेक्ससचं घोडं तिथेच पेंड खाल्लं. भारनियमनात गॅस दाबाने नळांतून पुढे ढकलणारे कॉम्प्रेसरही बंद पडले, कारण अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत त्यांची नोंदच नव्हती. मग वीजकेंद्रांचा गॅस आणखी आटला. १५ तारखेच्या पहाटे ग्रिडची (वीजजाळ्याची) वारंवारता, जी पुरवठा मागणीपेक्षा कमी पडला की घटते, ६० वरून ५९.३ हर्ट्झवर घसरली. ती ५९.४ च्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. ९ मिनिटं राहिली असती तर वीजनिर्मिती संच धडाधड ट्रिप होऊन (आपोआप बंद पडून) अख्खं ग्रिड बसलं असतं!

म्हणून कॉम्प्रेसर, पाणीउपसा पंप, रुग्णालयं नेमकी कुठल्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहेत ते दरवर्षी हिवाळ्याआधी पडताळा आणि ते फीडर भारनियमनातून वगळा. थंड प्रदेशात वीजकेंद्रांतल्या दाबमापकाच्या बारीक नळ्यांना हीटिंग केबल हवीच. आतलं पाणी गोठलं की रीडिंग चुकतं आणि धडधाकट संच बंद पडतो.